म्मे पालेसाचा नवरा

हा-सेफाको गावात सगळ्यांना नाव होतं. कुत्र्यांना होतं, बैलांना होतं, ओढ्याकाठच्या वाकड्या पीचच्या झाडाला होतं. डोंगराच्या ज्या वळणावर कधीकाळी कुणाची तरी म्हातारी घसरून पडली होती, त्या वळणालाही त्या म्हातारीचं नाव होतं. नाव नव्हतं ते एकट्या एम्रिस प्रिद्दर्चला.

तसं आईबापांनी दिलेलं नाव होतं, पासपोर्टावर छापलेलंही होतं. पण गावकऱ्यांची जीभ ‘प्रिद्दर्च’पाशी आली की काट्यात पाय पडल्यासारखी मागे फिरायची. बोलता बोलता टाळ्यावर सहज टिचक्या वाजवणारी ती जीभ नेमकी आपल्याच आडनावापाशी का अडखळावी, हे एम्रिसला कळत नसे. लेसोथोतल्या या डोंगरात मोठ्या माणसाला ‘न्ताते’ म्हणतात आणि बाईला ‘म्मे’. म्हणजे ‘बाबा’ आणि ‘आई’च. पण ‘न्ताते’च्या पुढे काहीतरी लागतं. एम्रिसच्या पुढे काही नव्हतं. गेले आठ महिने त्याची ओळख एवढीच होती: म्मे पालेसाचा नवरा.

म्मे पालेसा म्हणजे त्याची बायको नेस्टा.

आता खरं सांगायचं तर इथे यायची कल्पना एम्रिसची. वेल्समधल्या आपल्या गावात पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर, उरलेलं आयुष्य प्रभूच्या सेवेत परदेशी घालवायचं, हे ठरवलं त्याने. अर्ज भरले त्याने. टोचून घेतानासुद्धा आधी दंड पुढे केला त्याने. नेस्टा शाळेत स्वयंपाकीण होती. ती एवढंच म्हणाली होती, “तिकडे तवा मिळत असेल ना?” आणि तवा बरोबर घेऊनच निघाली होती.

एम्रिसने बरोबर आणला होता तक्ता. एकतीस वर्षं त्याने चॅपलचं गायनमंडळ चालवलं होतं. डो-रे-मीच्या अक्षरांत चाल लिहिण्याची आणि वाचण्याची जी पद्धत त्याला बापाकडून मिळाली होती, ती आफ्रिकेच्या डोंगरांत पोचवायची, हा त्याचा बेत. कापडी तक्ता, सहा फूट लांब, गुंडाळून छातीशी धरून आणलेला. पहिल्याच शनिवारी त्याने तो गावच्या ख्रिस्ती देवळाच्या भिंतीवर टांगला, काठी घेतली आणि ‘डो’वर टेकवली. पहिल्या रांगेत एक दात नसलेली आजीबाई बसली होती. ती तक्त्याकडे पाहून प्रेमाने हसली, कमरेचं स्तोत्रांचं पुस्तक काढलं आणि शेजारणीला कोपर मारलं. पुस्तकभर डो-रे-मीचीच अक्षरं होती. मग सगळी मंडळी, चार सुरांत, एम्रिसने आयुष्यात कधी न ऐकलेलं एक अवघड स्तोत्र पहिल्या फटक्यात वाचून गायली. तिसऱ्या ओळीला पुस्तकावरून फिरणारं एम्रिसचं बोट चुकलं तेव्हा आजीबाईंनी ते हाताला धरून योग्य अक्षरावर नेऊन ठेवलं.

तक्ता आता न्हाणीघराच्या दाराला पडदा म्हणून आहे.

नेस्टाचं मात्र वेगळंच झालं. आल्यानंतर आठव्या दिवशी गावात एक मयत झाली. तीनशे माणसांचं जेवण. नेस्टा कुणाला काही न विचारता बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली आणि कोबी चिरायला लागली. दुपारपर्यंत चिरत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेला हात! सुरी दिसत नव्हती, नुसता कोबीचा पाऊस दिसत होता. संध्याकाळी बायकांनी तिला मध्ये उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि नाव दिलं, पालेसा. म्हणजे फूल. वर सिंहाच्या कुळात घेऊनही टाकलं. पुढे सहा महिन्यांत तिला गुरुवारच्या बायकांचा लाल झगा मिळाला. या बायका दर गुरुवारी आजाऱ्यांच्या घरी जातात, प्रार्थना करतात, आणि त्यांचा तो लाल झगा मिळवायला इथल्या सुनांना दोन-दोन वर्षं लागतात.

“कोबी चिरून नाव!” एम्रिस आरशाला म्हणाला. “मी एकतीस वर्षं हात हलवले.”

त्याला हेवा वाटत नव्हता. हे त्याने आरशाला स्पष्ट सांगितलं. आपल्याच बायकोचा हेवा वाटणारा माणूस निराळा असतो, त्याचं नाक लांब असतं, तो जेवताना बोलत नाही. एम्रिस जेवताना बोलायचा. “मीठ कमी आहे,” असं बोलायचा.

तर एके गुरुवारी लाल झगे रांगेने डोंगर चढताना पाहून त्याच्या मनात आलं, आपणही आजाऱ्यांना भेटायला जावं. पण पायी नाही. पायी गेलं तर नेस्टाच्या मागे मागे गेल्यासारखं दिसेल. घोड्यावरून जावं.

शेजारचे न्ताते त्सेलिसो हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी कुंपणावरूनच हात पुढे केला. “असं बोला! घोडा नाही तो गडी कसला? आपल्या मोनाहेंगचा घोडा आहे विकायला. बिचारा गेला ना हिवाळ्यात. त्याची बायको विकतेय.”

“घोडा शांत आहे?”

“शांत? न्ताते, इतका समजूतदार घोडा या खोऱ्यात नाही. त्याला रस्ता सांगावाच लागत नाही.”

या वाक्याचा अर्थ एम्रिसने तेव्हा विचारायला हवा होता. पण माणूस खरेदीच्या वेळी प्रश्न विचारतो ते फक्त वयाबद्दल आणि दातांबद्दल.

घोडा करड्या रंगाचा होता, पहाटे ओढ्यावर जे रेंगाळतं त्याच्या रंगाचा. नावही तेच, मोहोली. म्हणजे धुकं. एम्रिसला पहिला चिमटा तिथेच बसला. घोड्यालाही नाव होतं.

घोडा घेणं सोपं, घोड्याचा दाखला घेणं अवघड. या डोंगरांत जनावरं चोरीला जातात, म्हणून दाखल्यावाचून शेपटीचा केसही एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. गावच्या मुख्याकडे कारकून बसतो. पत्र्याची खोली, एक टेबल, एक वही. कारकुनाने मोनाहेंगच्या विधवेचं नाव लिहिलं, घोड्याचा रंग लिहिला, डाव्या कानाची खूण लिहिली आणि पेन थांबवलं.

“न्ताते, तुमचं कूळ?”

“म्हणजे?”

“सिंह, मगर, हत्ती... कोण तुम्ही?”

“आमच्यात तसलं नसतं.”

कारकुनाने अशा दयेने पाहिलं की एम्रिसला आपण अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडल्यासारखं वाटलं. “कुळाशिवाय रकाना रिकामा राहतो. रकाना रिकामा राहिला की शिक्का बसत नाही.” मग त्याचा चेहरा उजळला. “म्मे पालेसा सिंहाच्या ना? मग लिहू का, ‘सिंहिणीचा नवरा’?”

एम्रिस ताडकन उठून बाहेर आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा कारकून मयतीला गेला होता. तिसऱ्यांदा गेला तेव्हा शिक्का मयतीला गेला होता, म्हणजे मुख्यांच्या पिशवीतून. चौथ्यांदा कारकून हात जोडून म्हणाला, “अहो, तुमच्या देशात सगळ्यात जास्त काय असतं ते तरी सांगा.”

“मेंढ्या,” एम्रिस म्हणाला, कारण तो खोटं बोलत नसे.

आजही त्या दाखल्यावर लिहिलेलं आहे: कूळ, मेंढी.

पहिल्या गुरुवारी स्वारी निघाली. डोक्यावर गवताची शंकूसारखी टोपी, खांद्यावर नवी लोकरी घोंगडी. कुंपणापाशीच त्सेलिसोंनी थांबवलं. “न्ताते, घोंगडीचे पट्टे उभे हवेत हो, आडवे नको! आडवे घेतले तर वाढ खुंटते.” सदुसष्टाव्या वर्षी वाढ खुंटण्याची भीती फारशी नसते, तरी एम्रिसने पट्टे उभे केले. घोंगडी नीट झाली, पाठ ताठ झाली, आणि मोहोली चालू लागला. खरंच, रस्ता सांगावा लागत नव्हता. लाल झग्यांच्या रांगेला मागे टाकताना एम्रिसने टोपीला हात लावला. नेस्टाने हात हलवला. त्या क्षणी, त्या उन्हात, त्याला आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटलं.

टेकडी ओलांडल्यावर मोहोलीने मान वर करून खोऱ्यावरून नजर फिरवली, डावीकडे वळला, सरळ एका अंगणात शिरला आणि उभा राहिला. अंगणात उंच काठी होती. काठीवर पांढरं फडकं फडफडत होतं.

हा-सेफाकोत शाळेत न गेलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. घरावर हिरवं फडकं म्हणजे भाजी विकायला आहे. लाल म्हणजे मांस. पिवळं म्हणजे मक्याची बिअर. आणि पांढरं म्हणजे ज्वारीची बिअर तयार आहे, या.

“मोहोली आला! आपल्या मोनाहेंगचा मोहोली आला!” आतून सात-आठ माणसं डबे सांभाळत बाहेर आली. एकाने घोड्याच्या कपाळाला कपाळ लावलं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. घोड्यावर कोण बसलंय ते कुणी पाहिलं नाही. शेवटी घरची मालकीण, म्मे माथाबो, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगंबाई, म्मे पालेसाचे यजमान! उतरा की.”

एम्रिसने जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. सात वर्षांचा असताना चॅपलमध्ये शपथ घेतली होती, तिची चौकट अजून भिंतीवर होती. त्याने टाचा मारल्या. लगाम ओढला. “चल बाबा,” असं वेल्श, इंग्रजी आणि सेसोथो या तिन्ही भाषांत सांगितलं. मोहोली तासभर उभा राहिला, मोनाहेंगला जेवढा वेळ लागायचा तेवढा, आणि मग आपणहून निघाला. पुढच्या पांढऱ्या फडक्याकडे.

त्या दिवशी चार घरं झाली. आजारी एकही नाही. आणि संध्याकाळी मोहोली घरी गेला तोही मोनाहेंगच्या घरी. विधवेने चहा दिला. एम्रिस तिथून काळोख पडायच्या आत पायी घरी आला.

“कसे होते आजारी?” नेस्टाने विचारलं.

“मीठ कमी आहे,” एम्रिस म्हणाला. अजून ताट वाढलेलं नव्हतं.

एम्रिस आता गुरुवारची वाट न पाहता निघू लागला, आणि सल्ल्यांचा पूर आला. त्सेलिसो म्हणाले, निघण्याआधी घोड्याला पोटभर पाणी पाजा, तहानच नको. “तहान घोड्याला नव्हती, मोनाहेंगला होती!” एम्रिस ओरडला. कारकून म्हणाला, डोळ्यांना झापडं लावा. झापडं लावली तर मोहोली वासावरून गेला. पाळकांनी प्रार्थना सुचवली. दात नसलेल्या आजीबाई म्हणाल्या, रस्ताच बदल. पण रस्ता बदलून काय करणार? बिअर आज या घरी मुरते, उद्या त्या घरी. फडकं रोज नव्या छपरावर. मोहोली टेकडीवर उभा राहून आधी सगळं खोरं वाचायचा, एम्रिसला वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाची आठवण यायची.

पुढे एक गोष्ट घडली, ती एम्रिसने कुणाला सांगितली नाही. उन्हात घोड्यावर तासभर बसून राहणं सदुसष्टाव्या वर्षी जमत नाही, म्हणून तो उतरून आत बसायला लागला. नुसता बसायचा. समोरच्या बाकावर न्ताते मोखेथी असायचे. तरुणपणी खाणीत गेलेले, परत आले तेव्हा छातीत खाणीची धूळ भरून घेऊन आलेले. ते बिअर प्यायचे थोडी, खोकायचे फार. खोकल्याची उबळ आली की एम्रिस उठून त्यांची पाठ धरायचा. बाकीचे गायचे. छान गायचे, पण खालचा सूर रिकामा होता. मोनाहेंगचा सूर होता तो, असं मोखेथींनी सांगितलं. एके दिवशी एम्रिसला राहवलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत त्याने आपला खर्ज हळूच ठेवून दिला, शेजाऱ्याच्या घरात भांडं परत ठेवावं तसा.

माथाबोने त्याच्यापुढे पाण्याचा डबा ठेवला.

पण नाव? नाव नाहीच. मोखेथी स्तुतीची कवनं रचण्यात पटाईत होते. उभे राहायचे, काठी उगारायचे, आणि बैलाची, नदीची, मेलेल्या मोनाहेंगची स्तुती धबधब्यासारखी सांडायचे. एकदा त्यांनी मोहोलीवर नवं कवन केलं. वीस ओळींचं. घोड्याच्या नाकपुड्यांवर तीन ओळी होत्या. एम्रिस शेवटपर्यंत वाट पाहत होता की स्वाराचा कुठेतरी उल्लेख येईल. आला. “पाठीवर ओझं असूनही,” असा.

आता तो घोड्याचाही हेवा करत होता. म्हणजे करत नव्हता.

राहिला प्रश्न संध्याकाळचा. मोहोली काही केल्या एम्रिसच्या घरापाशी थांबेना. समोरून जायचा, न वळता, ओळख नसल्यासारखा, आणि एम्रिस त्याच्या पाठीवर बसून आपल्याच दाराला निरोप द्यायचा. तीन आठवडे हे पाहून नेस्टाने एका संध्याकाळी हातातलं भांडं पुसायचं फडकं झटकलं. वेल्सहून आणलेलं, पांढरं, कोपऱ्यात फिका पडलेला लाल ड्रॅगन. ते तिने कपडे वाळवायच्या लांब काठीच्या टोकाला बांधलं आणि काठी अंगणात रोवली.

मोहोली आला, फडकं पाहिलं, वळला, थांबला.

अर्ध्या मिनिटाचं काम. एम्रिसने तीन आठवडे डोकं लढवलं होतं, एक आकृतीही काढली होती. “हे माझ्याही मनात आलं होतं,” तो खाली उतरताना म्हणाला.

“आलंच असेल,” नेस्टा म्हणाली, आणि हीच तिची वाईट खोड होती. ती वाद घालत नसे.

काठी तशीच राहिली. शनिवारी सकाळी एम्रिस दाढी करत असताना अंगणात घसे खाकरल्याचे आवाज आले. पाहतो तर अकरा माणसं, हातात डबे, मग, एकाकडे चक्क बादली. पुढे मोखेथी, काठी टेकत.

“म्मे पालेसाने गाळली म्हणे,” मोखेथी अदबीने म्हणाले. “आम्ही म्हटलं, पहिली बिअर आहे बिचारीची, मान राखला पाहिजे.”

एम्रिसच्या गालावर साबण वाळला. नेस्टाने मात्र एकदा माणसांकडे पाहिलं, एकदा काठीकडे, आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. दुसऱ्या हाताने तवा ठेवला. अर्ध्या तासात अकराही जण भिंतीला टेकून ओळीत बसले होते, हातात दुधाचा चहा, मांडीवर तव्यावरचे मनुक्यांचे गरम केक. सगळे शांत. भल्या माणसांनी पाहुणचाराला नाव ठेवायचं नसतं. मोखेथींनी दोन घोट घेतले, डोळे मिटले, विचार केला.

“म्मे,” ते हळुवारपणे म्हणाले, “अजून दोन दिवस मुरू द्यायला हवी होती.”

रविवारी उपासनेनंतर देवळाच्या मंडळीचे मुख्य पंच, न्ताते फूफोलो, उभे राहिले. उंच, कडक माणूस. कॉलर इतकी ताठ की मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागे. “एक दुःखद प्रकरण पंचांपुढे आलं आहे,” ते म्हणाले. “गुरुवारच्या एका बाईच्या घरावर पांढरं फडकं दिसलं. माणसं डबे घेऊन आत गेलेली दिसली. बुधवारी म्मे पालेसाचं प्रकरण ऐकलं जाईल. लाल झगा ठेवायचा की काढून घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी इथे राहण्यासाठी मंडळीने त्यांना पत्र द्यायचं की नाही, हे त्या दिवशी ठरेल.”

मंडळीने सुस्कारा सोडला. चार सुरांत.

घरी येईपर्यंत एम्रिस हिशेब करत होता. राहण्याचं पत्र नाही म्हणजे सामान बांधायचं. बोचकं, तवा, तक्ता. हे त्याला कळत होतं, छातीत खड्डा पडला होता. पण त्या खड्ड्याच्या तळाशी आणखी एक लहानसा काटा होता आणि तो कसाही बसलं तरी टोचत होता. म्मे पालेसाचं प्रकरण! घोडा कुणाचा? एम्रिसचा. तेवीस वेळा बिअरच्या अंगणात उभा कोण राहिला? एम्रिस. आणि बदनामी झाली तीही नेस्टाच्या नावावर! गावाने त्याला चांगल्या कामात धरलं नाही, ठीक आहे. पण पापातसुद्धा धरू नये?

“तू चिडलायस का?” नेस्टाने विचारलं. ती लाल झग्याला इस्त्री करत होती. बाहीवरून इस्त्री पुन्हा पुन्हा फिरत होती, सुरकुती नसलेल्या जागी.

“मी कशाला चिडू? प्रकरण तुझं आहे.”

नेस्टाचा इस्त्रीवरचा हात थांबला होता, आणि एम्रिसने पहिल्यांदा पाहिलं की तिची हनुवटी थरथरतेय. चव्वेचाळीस वर्षांत ती हनुवटी त्याने दोनदा थरथरताना पाहिली होती.

बुधवारी देऊळ भरलं होतं. पंच टेबलामागे, लाल झगे डावीकडे, आणि मधल्या बाकावर नेस्टा, गुडघ्यांवर हात ठेवून. बिअर पिणारे देवळात येत नाहीत, पण त्या दिवशी दाराबाहेर डोकी दिसत होती.

“म्मे पालेसा,” फूफोलोंनी धडासकट मान वळवली, “ते फडकं तुम्हीच लावलंत?”

नेस्टा उठायला लागली.

“प्रकरण माझं आहे!”

हे कोण ओरडलं ते पाहायला सगळे वळले. एम्रिसही वळणार होता, मग त्याला कळलं की आपणच. तो उभा होता. सेसोथो त्याला अर्धीच येत होती, तीही या क्षणी चौथाई राहिली होती.

“घोडा माझा,” तो म्हणाला. “दाखला माझा. शिक्का आहे, कूळ मेंढी. फडकं लागलं ते माझ्यासाठी, मी घरी यावं म्हणून. माझ्या बायकोने अकरा माणसांना चहा पाजला, तुमच्यापैकी कुणालाही पाजला असता. बिअरच्या अंगणात तेवीस वेळा मी गेलो. मी! लिहा माझ्या नावावर!”

आता त्याला वाटलं होतं, हे बोलल्यावर तो काटा निघेल आणि बरं वाटेल. पण नेस्टा त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला आपल्या मनातला काटा कुठे गेला तेच सापडेना.

“तेवीस वेळा,” फूफोलो थिजून म्हणाले. “आणि तिथे काय करत होतात, न्ताते?”

“बसत होतो.”

“नुसते?”

“पाणी पीत होतो. आणि... न्ताते मोखेथींना खोकला आहे. उबळ आली की पाठ धरावी लागते, नाहीतर श्वास अडकतो. मग गात होतो. त्यांच्यात खर्ज कमी पडत होता.”

लाल झग्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आजाऱ्यांची यादी त्यांच्याकडे होती, दर गुरुवारची, बिनचूक. मोखेथींचं नाव त्या यादीत नव्हतं. बिअरच्या बाकावर बसणाऱ्याचं नाव यादीत कोण घालणार?

दात नसलेल्या आजीबाई आधी उठल्या. “मोखेथी माझा धाकटा भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि एवढंच म्हणून खाली बसल्या.

तेवढ्यात दारात काठी वाजली. मोखेथी उंबऱ्यावर उभे होते. उंबरा काही ते ओलांडेनात. पण काठी त्यांनी आत उगारली, आणि धबधबा सुटला:

“मेंढीच्या कुळात जन्मून आला, सिंहाच्या दारी बसला कोण?
न पिता डोलला, न बोलता गायला, खर्जाचा धनी असला कोण?
धुकं उतरलं, अंगणी थांबलं, धुक्याच्या पाठी म्हातारा,
जिथे न वाजली घंटा कुणाची, तिथे टापांचा पुकारा!
श्वास सांडला, ओंजळीत धरला, दिला परत तो दात्याने,
पुसा डोंगरा, नाव तयाचं, धुकं पाळलं ज्या पित्याने:
रामोहोली! रामोहोली!”

मग खोकल्याची उबळ आली, आणि एम्रिस बाकांवरून ढांगा टाकत दारापाशी गेला आणि त्याने त्यांची पाठ धरली.

रामोहोली. मोहोलीचा बाप. धुक्याचा बाप. सगळं देऊळ ते नाव जिभेवर घोळवून बघत होतं, आणि कुठेही अडखळत नव्हतं. फूफोलोंनी बराच वेळ कॉलर सैल करायचा प्रयत्न केला. शेवटी चिटणिसाला म्हणाले, “लिहा. न्ताते रामोहोलींचं प्रकरण. निकाली. झगा राहील, पत्र दिलं जाईल. आणि यादीत एक नाव वाढवा.” मग आवाज कडक करून, “पण ते फडकं उतरलंच पाहिजे!”

फडकं उतरवायला पंचांची आणखी एक बैठक लागली. कोणत्या रंगात बुडवायचं? हिरवं केलं तर लोक भाजी मागायला येणार. लाल केलं तर मांस. पिवळं तर बोलायलाच नको. दोन तासांनी ठरलं, निळं. निळ्याचा या डोंगरात काही अर्थ नाही. मोहोलीच्या लेखीही नव्हता. निळ्या फडक्यासमोरून तो पुन्हा पूर्वीसारखाच, ओळख नसल्यासारखा, पुढे जायला लागला.

पुढच्या गुरुवारी वरच्या वाडीतली एक अनोळखी बाई अंगणात आली. नेस्टा किटली घेऊन बाहेर उभी होती.

“न्ताते रामोहोली इथेच राहतात ना?” बाईने विचारलं. “माझे सासरे आजारी आहेत. त्यांनी यावं म्हणून निरोप द्यायचा होता. तू त्यांच्याकडे कामाला असतेस का, म्मे?”

“मी बायको आहे त्यांची.”

“अस्सं! रामोहोलीची बायको! मग तू मामोहोली, मोहोलीची आई!” बाई आनंदाने म्हणाली, निरोप ठेवून निघून गेली.

नेस्टाने किटलीचं झाकण बसवलं. जरा जोरात बसवलं. एम्रिस त्याच वेळी मोहोलीवर बसून रस्त्याने येत होता, आणि तो आवाज त्याने कुंपणापलीकडून ऐकला. एकतीस वर्षं गायनमंडळ चालवलेला माणूस. सूर ओळखण्यात त्याची चूक होत नसे. हा सूर गेले आठ महिने रोज त्याच्याच गळ्यात होता, त्याची उंची, त्याची खोली, त्यातलं कमी मीठ, सगळं त्याला पाठ होतं. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मोहोली दारासमोरून पुढे निघाला होता, आणि रामोहोलीने खोगिरावर मागे वळून, टोपी सांभाळत, जन्मात पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली.

“पालेसा! अगं पालेसा, थांबव ना याला!”

तिने वर पाहिलं. क्षणभर तशीच उभी राहिली, किटली हातात. मग किटली खाली ठेवली, कमरेचा पांढरा एप्रन सोडला, हात उंच करून वाऱ्यावर फडकवला.

मोहोली जागीच थांबला, वळला, आणि मान डोलवत अंगणात शिरला.

आणि समोरच्या उतारावरून, डबे वाजवत, तिघं जण खाली यायला निघाले.